कुंकू पुरलं तिथवर

खंडेनवमीच्या सकाळी प्रयागा म्हणाली,
हत्यारं काढा बाहेर, पुजायचीत.
मी म्हणालो, काढतो दोन-चार, मानाची.
ती म्हणाली, समदी.
एकबी आत राहिलं तर रुसतं.

एकतीस वर्षं जिनिंगात फिटर होतो मी, सेलूला.
जिन बंद पडली तेव्हा हिशेबाचे पैसे आले
आणि त्यांच्या मागोमाग एक खोड आली,
शनिवारी परभणी गाठायची,
बाजारात गोणपाटावर मांडलेल्या लोखंडापुढं
उकिडवं बसायचं,
भाव विचारायचा, उठायचं,
पुन्हा बसायचं.

पत्र्याच्या खोलीचं दार निम्मंच उघडलं.
मागं काहीतरी आडवं झालेलं.
आधी हात घातला, मग खांदा, मग पोट आवळून मी.

पाने निघाले. चौदा-पंधराचे सतरा.
चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजले, तर अठरा.
पकडी, कानशी, दात गेलेल्या करवती,
तीन शिकंजे, एकही टेबलाला बसवलेला नाही.
टेबलच नाही.
टेबलासाठी आणलेली सागाची फळी आहे,
फळीवर रंधे, रंध्यांवर डबे, डब्यांत वायसर,
वायसरांत पोरीच्या शाळेचा बिल्ला.
ती आता नांदेडला असते, तिला दोन लेकरं.

अंगण भरलं. मग ओटा भरला.
मग रस्त्याकडच्या पायऱ्या.
मुंजाजी दूध घालायला आला, किटली हातातच राहिली.
काका, दुकान टाकलं का?

प्रयागा ओणवी होऊन एकेकाला
झेंडूची पाकळी न् कुंकवाचं बोट लावत निघाली,
मी तांब्या घेऊन मागं.
हे कशाचं?
नळाचं.
न् हे?
हेबी नळाचंच. जरा मोठ्या नळाचं.
आपल्याला नळ किती?
एक.
ती काही बोलली नाही.
मोरीतून टिप टिप ऐकू येत होतं.

मग रशीद उस्तादांचा हातोडा आला.
ते गेल्यावर पोरानं भंगारात किलोवर काढला होता.
मी किलोवर नाही घेतला, अडीचशे मोजले.
दांड्याला एक खोलगट जागा आहे,
तिथं त्यांचा अंगठा असायचा.
माझा बसत नाही.
एक खिळा ठोकला नाही मी त्यानं आजवर.
तिनं त्याला दोन अख्खी फुलं वाहिली
आणि पुढं सरकली.

निम्मं अंगणही झालं नव्हतं, करंडा संपला.
कंबर धरून ती उभी राहिली,
बोटाचं उरलंसुरलं पदराला पुसत म्हणाली,
ज्याला पुरलं ते आपलं.
बाकीचं कामून आणलं, तुमचं तुम्ही बघा.

म्हणणार होतो, लागतं कधी.
ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात वाऱ्यानं न्हाणीचं दार उघडलं
न् भिंतीवर आपटलं.
चार वर्षं त्या दाराला सुतळी आहे.
ती आत गेली की दाराला बादली लावते,
आणि अंघोळभर एक हात बादलीवर.
ओट्यावर कड्या पडल्या होत्या. पाच.
एक पितळी, अजून कागदातच.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत.
म्हणून बिनकुंकवाच्या ढिगात हात घातला,
पिवळ्या मुठीचा पेचकस उचलला,
कुठून, कधी आणला, आठवेना.
चार स्क्रू. दहा मिनिटं.
त्यातली सहा मी नुसता दारापाशी बसून होतो.

संध्याकाळी ती आत गेली.
कडी लागली. आतून.
मग बराच वेळ पाणी, सावकाश,
आणि तिचं काहीतरी गुणगुणणं,
जे मी या घरात ऐकल्याचं स्मरत नाही.

रात्री ढीग पोत्यांत भरला. अडीच पोती झाली.
मुंजाजीचा पोरगा आयटीआयला जातो,
त्याला सांगून ठेवलंय, सकाळी ये.
पिवळा पेचकस खिशात ठेवला.
पोत्यांची तोंडं शिवली नाहीत अजून.
दाभण सापडेना.
दाभणं आहेत माझ्याकडं सहा-सात.