पक्का रंग

वडगावात माग बंद केला
तरी कान थोडा वेळ चालूच राहतात.
तेवढ्यात मी खडेबाजार गाठतो,
सनदींच्या इरफानचं दुकान.
घाट उतरल्याशिवाय न दिसणारा समुद्र
इथं पोत्यातल्या मिठातून बादलीत कालवतात.

मँडरिन म्हणतात त्याला.
करंगळीएवढा. अंगावर खवला एक नाही.
नारिंगीवर निळी वळणं, वळणाला काळसर किनार,
कार्डं पंच करणाऱ्यानं हात टेकले असते.

"मामा, ह्याचा निळा खरा," इरफान म्हणाला.
"मोराचा खोटा, ती उजेडाची करामत.
खंड्याचाही तसाच.
ह्याच्या कातडीत मात्र रंगच भरलाय, बघा की."
चाळीस वर्षं मी निळं सूत हाताळलं,
पहिल्या धुण्यात बादली निळी करणारं,
पक्का रंग म्हणून विकलेलं.
वाकून बघितलं.
पाणी स्वच्छ होतं.

अंगाला कडू, बुळबुळीत लेप,
म्हणून ह्याला कोणी खात नाही,
आणि हा दुकानातलं काही खात नाही.
पोटाच्या परांवर दगडावरून चालतो, थांबतो,
डोळा फिरवून नेम धरतो,
आपल्याला न दिसणारं काहीतरी जिवंत टिपतो.
दिवसभर. एकेक.
दगड संपला की पोट खपाटीला.
इरफाननं गच्चीत हिरव्या पाण्याच्या बरण्या मांडल्यात,
त्यात ह्याचं खाणं वाढतंय.
शेजारची शांतव्वा विचारते,
"इदेन रे, लोणचं घातलंस?"

पावणेसातला तो दिवे घालवतो,
गिऱ्हाईक उभं असलं तरी.
ह्या वेळी त्यांच्या मुलखात
नर नि मादी अंगाला अंग लावून
दगडावरून वर चढतात,
सावकाश, कुणी दोऱ्यानं ओढल्यासारखे,
वर क्षणभर थांबतात,
पाण्यात अंडी सोडतात
आणि फटकन वेगळे होऊन खाली.

काल अंधारात बघितलं,
हा एकटाच चढला.
पाठीचा लांब काटा ताठ,
उजवीकडं जरा कललेला,
जिथं कोणी असायचं तिथं पाणी.
वीतभर वर.
मग खाली.

आम्ही दोघं काही बोललो नाही.
इरफाननं कोचीला फोन लावला,
मादीचा भाव विचारला,
ऐकून ठेवून दिला.
मग परत लावला.

घरी कस्तुरीला म्हटलं, निळं सूत काढ,
नारिंगीवर घालायचंय.
"कोण घेणार असलं?" ती म्हणाली,
आणि कांड्या भरायला बसली.