वीस मीटरवर डोंबिवली

खोक्यातून निघाल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सात नळ्या,
एकीच्या पोटात दुसरी जाणाऱ्या,
तीन ट्रॅप, काळ्या टोप्यांचे,
आणि स्क्रूंची पिशवी. त्यात एक कमी.
एक कमी असतोच.
मुनव्वर प्लंबरने खिशातून काढून दिला,
म्हणाला, पाइपाचा आहे, पण बसेल.

माहीमची गच्ची. खाऱ्या वाऱ्यात
दोन वर्षांत सळईचा भुगा होतो इथे,
म्हणून प्रत्येक सांध्याला ग्रीस, मग पट्टी,
मग वरून पुन्हा ग्रीस.
सेक्रेटरी सुखटणकरबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या:
याच्यावर वीज तर नाही ना पडणार?
आमची साडेआठची मालिका दिसेल ना?
आणि मग, आवाज खाली आणून, खरा प्रश्न:
एवढं करून बोलणार कुणाशी?

मी त्यांना ट्रॅपची गंमत सांगत बसले.
काठी एकच. पण दहा मीटरच्या लहरीला
पहिल्या ट्रॅपशी दार बंद दिसतं,
तिला वाटतं, घर इथेच संपलं.
पंधराची ते ओलांडून पुढच्या दाराशी थांबते,
वीसची आणखी एक खोली चढते,
चाळीसची तेवढी शेंड्यापर्यंत जाते.
एका घरात चौघी, चार मापं,
कुणी कुणाची भिंत मोजत नाही.
आम्ही दोघंच होतो. आणि दोन खोल्या होत्या.

हे शेवटचं बाईंना नाही सांगितलं.

मग रेडिअल. बत्तीस तारा,
टाकीला वळसा घालून, डिशच्या पायाखालून,
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या सतरंजीच्या कडेने.
मीटरचा काटा वीसवर तीनला अडला.
नळी दोन बोटं आत. अडीच.
पुन्हा शिडी, मुनव्वर खाली पाय धरून.
दीड. अजून अर्धं बोट.
एक पूर्णांक दोन.
मुनव्वरने विचारलं, अब पानी आएगा?
म्हटलं, बघू.

साडेपाचला खाली येऊन की समोर ओढली.
डाडिडाडिट डाडाडिडा.
ही भाषा मला यशोधरने शिकवली,
वाटीवर चमचा आपटत, मी नववीत, तो कॉलेजात.
आता तो डोंबिवलीला असतो. त्याचाही सेट आहे, असं ऐकते.
वाटणीच्या कागदावर सह्या झाल्या त्याला अकरा वर्षं झाली.

उभ्या अँटेनाचा स्वभाव असा, की तो क्षितिजाकडे बोलतो.
लहर वर जाते, आभाळाला टेकून
हजारो किलोमीटरवर उतरते.
मधल्या पट्ट्यात काहीच पडत नाही.
इर्कुत्स्क ऐकू येतं.
डोंबिवली नाही.

इर्कुत्स्कचंच उत्तर आलं. नाव गेनादी,
बाहेर पाऊण फूट बर्फ, आवाज पाच-नऊ.
मी लिहिलं, नवा अँटेना, मुंबई.
तो म्हणाला, आज तुमच्याकडचे दुसरे.
दहा मिनिटांपूर्वी एक स्टेशन, डोंबिवली.
त्यानेही आजच काहीतरी उभं केलंय म्हणे.
मग जरा थांबून:
तुमच्याकडे क्यूची शेवटची रेघ
सगळेच लांबवतात का?

माझा हात कीवरून उचलला गेला.
रेघ यशोधर लांबवायचा,
उंबऱ्यात चपला घालता घालता
आणखी एक गोष्ट आठवल्यासारखी.
मी लांबवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेनादी वाट बघत होता.
मी पाठवलं: नाही. आम्ही दोघंच.

अंधार पडायच्या आत पुन्हा गच्चीवर गेले.
एकतीस तारा टाकून झाल्या होत्या,
बत्तिसावी गुंडाळी करून टाकीमागे राहिलेली.
ती सोडवली, सरळ केली,
पूर्वेकडे टाकली.
कुठल्या दिशेला टाका, फारसा फरक पडत नाही,
पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय.
टोकाला वीट ठेवली, वाऱ्याने सरकू नये म्हणून.