सातवी पायरी

घनफुटाने सांगतो, लिहून घ्या जुबेरभाई.
तुळया बावीस, खांब चौदा, सगळा मौलमीनचा साग.
माडीची तक्तपोशी देवदारी खोक्यांची, तिला भाव नाही.
कठडा वेगळा धरा,
कुलाब्याचे लोक त्याच्या आरशांना चौकटी करतात.

तुळईच्या या टोकाला बोट लावा.
रंगाखाली खड्डा लागतो? तो वखारीचा शिक्का,
हातोडीने मारलेला, उलटा बसलाय.
आनंदराव विजयकर वखारीत लिलावाचे कारकून होते.
एकेक तुळई त्यांनी सोडवून आणली.
सोडवून म्हणजे कशी, ते माझ्या पणज्याने विचारलं नाही.
त्याने फक्त शिक्क्यांवर दोन हात जास्त दिले.

जिन्याची सातवी पायरी आनंदरावांनीच सैल ठेवायला लावली.
थोरला मुलगा तालमीहून रात्री दोनला यायचा.
भांडायचं नव्हतं त्यांना.
आला, एवढं कळायला हवं होतं.
पणज्याने खाली फणसाची पाचर मारली,
करंगळीएवढी,
आणि पायरी बोलायला लागली.

गाठीच्या तापाच्या साली पालिकेची माणसं आली.
कौलं उतरवली, म्हणाली, ऊन आत येऊ दे.
अकरा दिवस माडीवर आभाळ होतं.
त्या उन्हात थोरला गेला.
मग पायरी वाजायची,
कधी दूधवाला, कधी भाडं मागायला आलेला व्हिक्टोरियावाला,
आणि आनंदराव दर वेळी मान वर करायचे.
माथारपाखाडीत म्हणतात, कर्जापायी घर विकलं.
कर्ज नव्हतं.

घेतलं पास्कू फरगोजने. गोदीत क्रेन चालवायचा.
आजोबाला बोलावून म्हणाला, मेस्त्री, हा आवाज मार.
आजोबाने दोन खिळे ठोकले, पाचरीला हात लावला नाही.
घरी येऊन म्हणाला,
दुसऱ्याच्या पोरासाठी मारलेली आहे, आपण कशी काढायची?
बहुतेक थोडी प्यालेला असावा.

गोदीत जहाज फुटलं त्या दुपारचा हा पत्रा,
या खांबात घुसला तो निघालाच नाही.
नाताल त्यावर छत्री अडकवायची.
पास्कू तिसऱ्या दिवशी चालत आला, भुवया जळालेल्या.
तिने आधी पायरी ऐकली,
तवा उतरवला,
मग दाराकडे बघितलं.
पास्कूला त्यानंतर काही ऐकू येईना.
पायरीची तक्रार मिटली.

मग तुमचे आजोबा. दाऊद मुकादम, आगबोटीवरचे सारंग,
वर्षातून चाळीस दिवस या घराचे.
त्यांनी माझ्या बापाला बोलावलं.
तुमच्या अब्बांनी मला, दोनदा.
दोन्ही वेळा मी पैसे घेतले, मेण लावलं, चार खिळे मारले,
महिनाभर गप्प राहील एवढंच केलं.
आज सांगतोय,
आज तुम्ही पैसे परत मागणार नाही म्हणून.

तुम्ही तिला टांग मारायचात.
सहावीवरून थेट आठवीवर, चपला हातात.
समोर लुर्दच्या ओट्यावर मी रंधा मारत बसलेला असायचो.
अब्बा वर जागे असायचे.
आवाज आला नाही तरी त्यांना कळायचं,
एवढ्या शांततेत दुसरं कोण चढणार?

मस्कतहून फोनवर तुम्ही म्हणालात,
लाकडाचे किती येतील तेवढं बघा.
बघितलं. आकडा खाली लिहिलाय, घासाघीस नाही.
पायऱ्या एकोणीस आहेत, अठरा लिहा.
एक मी नेतो. माझ्या मजुरीतून कापा.
ठेवायची कुठे ते अजून ठरलं नाही,
आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना सिमेंटचा.

उद्या सकाळी माणसं आणतो.
आधी कौलं उतरवू.