टाचणी डावीकडे बघते

माझं काम नोंदींचं.
कुणाच्या कुठल्या गालावर काजळी,
हेल्मेटचा पट्टा कितव्या भोकात,
कॉफीचा कप अर्धा की पाऊण.
बर्नबीतल्या एका जुन्या गोदामात
आम्ही अंतराळ उभं केलं होतं.
वर पत्रा, पत्र्यावर पाऊस,
आणि आवाजवाला दर टेकला हात वर करून ओरडायचा,
"थांबा. तिथं पाऊस पडत नाही."

ती आठव्या भागात आली.
संहितेत नुसतं 'पायलट ५'.
नाव दिलं ते कपडेपटातल्या बाईनं,
छातीवरची पट्टी रिकामी बरी दिसत नाही म्हणून:
लेफ्टनंट इल्वा सार्न. कॉलसाइन टाचणी.
वाक्यं तीन.
"आले."
"दिसतंय मला."
आणि अकराव्या भागात, "डावीकडून, डावीक—"

करणारी डोरीन ओकाझाकी, स्टीव्हस्टनची.
जेवणाच्या सुट्टीत सँडविचच्या कडा सोलत सांगायची
आजोबांची मासेमारीची बोट
सरकारनं युद्धात कशी जप्त केली ते.
बोटीचं नाव काय होतं, मी विचारलं.
म्हणाली, घरात कुणी ते उच्चारत नाही.

प्लायवुडचं कॉकपिट. खाली फळी घालून
दोन पोरं ते गदागदा हलवायची,
तिसरा काठीला बांधलेला दिवा फिरवायचा,
तो स्फोट.
ती मान डावीकडे वळवते, डोळे मोठे होतात.
चार सेकंद.
दुसऱ्याच टेकला झालं. पोरं चहाला गेली.

तिला अंत्यविधी नव्हता.
फक्त फळ्यावरचं नाव पुसायचा एक शॉट,
त्यात शेवटचं अक्षर अर्धं राहिलं.
मी वहीत लिहिलं: पुढे सगळीकडे अर्धंच ठेवणे.

दुसऱ्या वर्षी लढाया वाढल्या आणि पैसा आटला.
संकलकानं खणातून ती चार सेकंदं काढली.
मी वही घेऊन गेले: ही मेलीय, अकराव्यात.
तो म्हणाला, तोंडावर मास्क आहे,
कोण ओळखतंय?

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.
बाराव्यात गेली, चौदाव्यात गेली,
बर्फाच्या चंद्रावर, धुमकेतूच्या शेपटीत,
तीच मान, तेच डोळे, तीच डावी बाजू.
पोस्टरवरचे एकेक करून गेले,
व्हायोलिनांसकट, झेंड्यांसकट;
हिला मात्र सुट्टीच नाही.
एकवीस लढाया. मी मोजल्या,
कारण मोजणं माझं कामच होतं,
आणि खोटं कशाला बोलू,
नंतर नंतर मी तिचीच वाट बघायचे.

मग मालिका बंद पडली. कॉकपिट भंगारात गेलं.
गोदामात आता फरशा विकतात.

गेल्या नोव्हेंबरात, १३० नंबरच्या बसमध्ये,
गुडघ्याचं औषध घेऊन मी पुढच्याच सीटवर.
विलिंग्डनवरच्या थांब्यावरून बस निघताना
ड्रायव्हरनं मान डावीकडे वळवली,
मागून कुणी येतंय का बघायला.
चार सेकंद.
चेहरा मला नंतर दिसला.

माझा थांबा गेला. जाऊ दिला.
पुढच्या थांब्यावर पुन्हा. त्याच्या पुढच्यावर पुन्हा.
मागून मोटारी येत होत्या ओल्या रस्त्यावरून,
त्यांचे दिवे तिच्या गालावरून सरकत होते,
आणि काठी धरून कुणी उभं नव्हतं.
औषधाच्या पावतीमागे मी लिहिलं:
केस पांढरे. पट्टा नाही. चष्मा नवा.
मान जुळते.

त्या एकवीस वेळांचे तिला काही मिळाले का,
हे विचारायचं होतं. बोटीचं नावही.
पण मागे माणसं उतरायला खोळंबली होती.
मी दांडी धरून उठले
तेव्हा ती समोर बघतच म्हणाली,
"सांभाळून हं, पायरी ओली आहे."

चौथं वाक्य.
सबंध बोलली.