मसुदा तूच करून आण

मॅडम म्हणाल्या, मसुदा तूच करून आण,
मी बघते, सही करते.
आणि डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला.

डिचोलीच्या कदंबात खिडकीशी बसून
मी स्वतःला 'ती' म्हणायला शिकले.
ती मेहनती आहे. ती जिज्ञासू आहे.
पर्वरी गेली, म्हापसा गेलं,
अस्नोडा येईपर्यंत ती इतकी गुणी झाली
की तिच्या शेजारी बसायला
मलाच अवघडल्यासारखं झालं.

घरी बाबांनी शब्द ऐकला, शिफारसपत्र,
नि रंधा थांबवला.
'शिफारस होय? आधी सांगायचं.
आमदाराच्या पीएची दारं मीच केलीत.'
तसली नव्हे, बाबा.
'मग कसली?'
परदेशातल्या मेडिकलला नुसते मार्क पुरत नाहीत.
ज्यानं आपल्याला काम करताना पाहिलं
त्यानं लिहायचं, काय पाहिलं ते.
बाबा फळीवरून हात फिरवत राहिले.
'म्हणजे साक्ष.'
मग हातावरचा भुसा फुंकून,
'साक्षीदार कोण?'

दोन वर्षांत मॅडम सत्तरीत आल्या तीनदा,
तिन्ही वेळा गाडी रस्त्यावर, इंजिन चालू.
बाकी सगळे दिवस शाणू गावस.
माकडतापातून उठलेला माणूस,
उजव्या कानानं कमी ऐकणारा.
काजूच्या बागेतून पांढरं फलाणीचं कापड
ओढत कसं चालायचं ते त्यानं दाखवलं :
वीस पावलं. थांब. उलट. बघ.
मोहरीएवढं काळं हललं की चिमटा.
'सावकाश गे बाय,
गोचीड कुठं पळत नाही. पळतो ते आपण.'
मॅडमांच्या निबंधात शाणू आहे,
'स्थानिक सहकार्य' ह्या दोन शब्दांत.
त्याच्याकडे लेटरहेड नाही.

एकदा त्याच्याच खांद्यावर मिळाली एक.
मी काढली, नळीत घातली,
आणि जागेच्या रकान्यात लिहिलं :
शाणू, डावा खांदा.
तो दिवसभर हसत होता.
'म्हणजे मी पण बाग झालो.'

हे मसुद्यात घातलं नाही.
त्या अकरा नळ्याही नाही घातल्या
ज्यांच्यावर मी भलत्याच बागेचं नाव टाकलेलं,
रात्रभर तळमळून सकाळी सांगितलेलं,
नि मॅडमांनी चष्मा पुसत म्हटलेलं,
'फेक. पुन्हा आण.'
शिफारसपत्रात 'ती चुकते' असं
कोण लिहितं?

सोमवारी मसुदा टेबलावर ठेवला.
दीड पान, एकही खाडाखोड नाही.
मॅडमांनी वाचला,
उभ्यानंच, फ्रिजला टेकून.
'ही कोण मुलगी?'
मी गप्प.
'हिला मी ओळखत नाही.
शाणूच्या खांद्याचं कुठं आहे ह्यात?'

त्यांना माहीत होतं.
सत्तरीतून आलेल्या प्रत्येक नळीवरचं अक्षर
त्या इथं, बांबोळीत, दिव्याखाली धरून
वाचत होत्या दोन वर्षं,
माझं घाईचं, माझं घामानं फुटलेलं,
माझं सोमवारचं अक्षर.

कागद परत दिला.
'ठेव तुझ्याकडे. मी लिहीन.'

अर्जात एक चौकट होती :
हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते.
खूण केली.
अकरा नळ्यांचं त्या लिहितील की नाही,
कधीच कळणार नाही मला.

त्या संध्याकाळी शाणूला फोन लावला,
डाव्या कानाला धर म्हणून ओरडले.
तो म्हणाला, गवत आता गुडघाभर झालंय,
येताना मोजे जाड आण.

बाबांनी विचारलं, 'झाली साक्ष?'
झाली.
'काय सांगितलं?'
माहीत नाही.
त्यांनी मान हलवली,
जणू नेहमी असंच असतं,
नि फळी उलटी करून
रंधा धरला.