रोल संपवायचा म्हणून

छत्तीस फोटोंचा रोल असायचा.
पस्तिसाव्याला वऱ्हाड जेवायला बसायचं
आणि मी एक फ्रेम घेऊन तसाच उभा.
रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नाही.
मग जवळ असेल त्याला म्हणायचो,
घे, इथं दाब. माझाच काढ.

असे माझे चाळीसएक फोटो आहेत.

समडोळीच्या आचाऱ्यानं काढला त्यात
मधोमध बुंदीची कढई,
डाव्या कडेला मी, अर्धा.
डिग्रजच्या एका करवलीनं श्वास रोखला,
तिचं बघून मीही रोखला,
तरी हललोच.
कवठेपिरानला शाळेचे शिपाईमामा म्हणाले,
'हसा की, मगदूम!'
दिवसभर मीच म्हणत होतो ते पोरांना.
आणि मला आठवेना
हसताना ओठांचं नेमकं काय करतात.

हजार नवरदेवांना सांगितलंय
हात इथं, हनुवटी जराशी खाली.
माझ्यावर आलं की
दोन्ही हात पाठीमागं, चोरासारखे.
गळा मोकळा,
पट्ट्याचा वळ तेवढा खाजायचा.

बायको म्हणते, एकात तरी समोर बघायचं होतं.
समोरच बघत होतो.
त्यांच्या बोटांकडं.
याशिकाचे हप्ते फिटायचे होते.
आणि तो कॅमेरा, ज्याची पाठ मला
डोळे मिटून ओळखता यायची,
त्याचं तोंड मी तेव्हाच पाहायचो,
वर्षाला दोन-तीनदा, अनोळखी हातांत.
भिंगाखाली एक पोचा होता.
तो कधी पडला, मला माहीत नाही.

हरभट रोडवर पाणी चढलं त्या साली
लोकांचे अल्बम आधी माळ्यावर टाकले.
माझा बिस्किटाचा डबा खालीच राहिला.
त्यातले दोन एकमेकांना चिकटलेत:
कढईवर हललेला मी.
सोडवायला गेलं तर दोन्ही जातील.

आता कार्ड आहे. ते संपत नाही.
त्यामुळं पंधरा-सोळा वर्षं
मी कुठंच नाही.

परवा मिरजेत, हॉल रिकामा होताना,
आमच्या समेदच्या हातात कॅमेरा दिला.
म्हटलं, घे, काढ एक. रोल संपवायचाय.
'कसला रोल, काका?'
असं विचारता विचारताच त्यानं दाबलं.

तोंड उघडं आलंय.
सांगायला लागलो होतो.