वजन किती?

यंत्र आधी वजन विचारतं.
आजार मग कधीतरी.
सोहारच्या इस्पितळात ही तळघरातली खोली,
एकोणीस अंशांवर, मी स्वेटर घालून बसते.
वर रस्त्यावर सत्तेचाळीस.

हुजैफा मुकादम. वय सात. बावीस किलो.
बाप बंदरावर क्रेन चालवतो, गाव दापोलीकडचं.
मी सांगते, बाळा, हाताला हात लावायचा नाही,
पायाला पाय नाही.
कातडीला कातडी भिडली की लहरींना वाट मिळते
आणि तेवढ्याच जागी चटका बसतो.
तो म्हणतो, मंग दुवा कशी मागू?
मनातल्या मनात, मी म्हणते,
आणि त्याच्या तळव्यांमध्ये उशी सरकवते.

ठोकठोक ऐकू येते ती वेगळीच.
तापवणाऱ्या लहरी मुक्या.
किलोमागे दोन वॅट, एवढीच त्यांना मुभा.
लहान अंग पेल्यातल्या दुधासारखं,
पटकन तापतं, पटकन निवतंही.
मोठ्यांचं पातेलं.

बाराव्या मिनिटाला त्यानं हातातला रबरी फुगा दाबला.
मावशी, पोट गरम झालं.
मी थांबवलं. पांघरूण काढलं, वारा वाढवला.
कानात थर्मामीटर:
आत जाताना छत्तीस आठ, आता सदतीस एक.
तीन दशांश!
आमच्या तक्त्यात याला काहीच म्हणत नाहीत.
त्याला कळलं, आणि त्यानं सांगितलं.

त्याच्यानंतर मोतालेब, परांचीवरचा, एकाहत्तर किलो.
कंबर धरून आला तोच सदतीस सातनं.
अर्धा तास बसवला, पाणी दिलं,
उतरलं तेव्हा आत घेतला.
चाळीस मिनिटं.
काचेतून त्याचे फक्त तळपाय दिसत होते,
भेगाळलेले, अजिबात न हलणारे.
मी दोनदा माइकवर विचारलं, ठीक आहे?
दोन्ही वेळा तेच, ठीक, ठीक.

बाहेर आला तर गाऊन पाठीला चिकटलेला,
चादरीवर ओला माणूस उमटलेला.
गरम झालं का हो?
तो हसला.
गरम? इथं तर थंडी आहे, बहेन.
अकरा उन्हाळे झाले त्याला या किनाऱ्यावर.

मी रकान्यात आकडा लिहीत होते.
त्यानं मूठ उघडली
आणि फुगा दोन्ही हातांनी परत दिला,
दुसऱ्याची वस्तू द्यावी तसा,
जपून,
एकदाही न दाबलेला.